मंजूची तारीख आधी लागली

ऑपरेशनला सात महिने होऊन गेले. हल्ली शाळेतल्या, सोसायटीतल्या बायका मला जरा बाजूला घेतात आणि हळूच विचारतात, "खूप दुखलं का हो?" त्यांच्या स्वतःच्या नाहीतर बहिणीच्या, सुनेच्या मनात काहीतरी चालू असतं, हे मला कळतं. मी खरं तेच सांगते. पोटात चार दिवस दुखलं. पण त्याआधी सात-आठ महिने मी माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीवर जी जळत होते, त्याचा त्रास जास्त झाला. हॉस्पिटलच्या माहितीपत्रकात हे कुठेच नसतं, म्हणून इथे लिहिते आहे.

मी सुजाता, वय सेहेचाळीस. डोंबिवलीत कोपरला राहते आणि एका शाळेच्या ऑफिसात काम करते. उंची पाच फूट एक इंच, वजन तेव्हा एकशे चौदा किलो. मंजू माझ्याहून चार वर्षांनी लहान, कळव्याला राहते. तीही माझ्यासारखीच. लग्नाकार्यात आम्ही दोघी शेजारी बसलो की कोणीतरी हमखास विचारायचं, "कुठल्या चक्कीचं पीठ खाता गं?" मंजू मोठ्याने हसायची. मीही हसायचे, कारण मला एक गोष्ट ठाऊक होती. मंजू माझ्याहून तीन किलोंनी जास्त होती. एवढ्या तीन किलोंवर मी कितीतरी वर्षं सुखात काढली.

सोबत

मला साखरेचा आजार आधीपासूनच होता. मग गुडघे गेले. घोरणं इतकं वाढलं की आमचे हे उशी घेऊन हॉलमध्ये झोपायला गेले ते तिकडचेच झाले. शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "ताई, गोळ्या तरी किती वाढवू? वजनाचं ऑपरेशन करणाऱ्यांना एकदा भेटून या."

ह्यांना रजा नव्हती, आणि खरं म्हणजे यायचंही नव्हतं. "दोन पोळ्या कमी खा, पोट कापायला कशाला हवं?" हे त्यांचं औषध वीस वर्षं चालू होतं. म्हणून मी मंजूला फोन केला. "ठाण्याला चल ना गं सोबतीला. एकटीला भीती वाटते."

त्या डॉक्टरांकडच्या खुर्च्यांना हात नव्हते. कुठल्याही दवाखान्यात मी न अडकता बसले ती पहिलीच वेळ, आणि तेवढ्यावरच माझे डोळे भरून आले. डॉक्टरांनी कागदावर पोट काढून दाखवलं. मोठा भाग काढायचा आणि केळ्याएवढी पिशवी ठेवायची. ते म्हणाले, "साखर, गुडघे, श्वास, सगळं या वजनाच्या ओझ्याखाली आहे. अजून दहा वर्षं अशीच काढलीत तर मला तुमच्या हृदयाची खात्री देता येणार नाही." मी मान डोलावली. एवढ्यात त्यांनी माझ्यावरून नजर काढली आणि मंजूकडे पाहिलं.

"आणि तुमचं काय?"

"माझं काय? मी नुसती सोबत आलेय," मंजू म्हणाली.

"वजन करून बघायला काय हरकत आहे?"

अर्ध्या तासाने मंजू बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तिची स्वतःची फाईल होती. माझ्या सोबतीला आलेली बाई माझ्याच रांगेत उभी राहिली. बाहेर पडून आम्ही टेंभी नाक्यापर्यंत चालत गेलो आणि "उद्यापासून बंद" म्हणत दोन-दोन वडापाव खाल्ले. मंजू खुशीत होती. "ताई, दोघी एकदम बारीक होऊया. आईने ओळखायला नको आपल्याला!"

मी हो म्हटलं. मनात मात्र एवढंच आलं, की आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःसाठी काहीतरी ठरवलं होतं आणि त्यातही हिने अर्धा वाटा घेतला.

तीन गोळ्या

तपासण्यांना भिऊ नका. त्यांत रक्त काढणं सोडलं तर दुखण्यासारखं काही नाही. एंडोस्कोपीला घशात फवारा मारतात, जीभ लाकडासारखी होते, तासाभराने ताळ्यावर येते. इकोला डाव्या कुशीवर झोपवतात आणि तुमचंच हृदय टीव्हीवर दाखवतात. मला भीती तपासण्यांची नव्हतीच. मला मंजूचे रिपोर्ट आवडत नव्हते.

आम्ही प्रत्येक वेळी एकत्रच जायचो. तिचा कागद यायचा: नॉर्मल. माझा यायचा आणि डॉक्टर लाल पेन उचलायचे. तिची साखर नॉर्मल, माझी तीन महिन्यांची सरासरी साखर नऊच्या वर. तिचं पोट आतून स्वच्छ, माझ्या पोटात कसलेसे जंतू, त्याचा चौदा दिवसांचा कोर्स. यकृतावर चरबी दोघींच्या होती. तेवढ्यानेच मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

फुप्फुसांच्या व्यायामासाठी एक प्लास्टिकचं खेळणं देतात. त्यात तीन गोळ्या असतात, नळीतून श्वास ओढला की वर जातात. मंजूने पहिल्याच दमात तिन्ही वर नेल्या आणि तिथे धरून ठेवल्या. नर्सने टाळी वाजवली. माझी एक गोळी वर गेली, दुसरी निम्म्यात लटकली. घरी येऊन मी टीव्ही लावून रोज तासभर ते ओढत बसायचे. ह्यांना वाटलं, बायकोने प्रकृती मनावर घेतली.

झोपेची तपासणी करायला यंत्र घरी देतात. त्यात कळलं की झोपेत माझा श्वास मधूनमधून थांबतो. मग मला नाकावर लावायचा मास्क आणि त्याचं मशीन मिळालं. मंजूला अर्थातच काही नको होतं. पण एक झालं. आठवड्याभराने सकाळी उठले तर हे शेजारी झोपलेले, उशीसकट. म्हणाले, "तुझा आवाज येईना म्हणून घाबरून बघायला आलो, मग इथेच झोप लागली." त्या मास्कला मी पहिल्यांदा हात जोडले.

मनाच्या डॉक्टरांचीही एक भेट असते. त्या बाई शांत होत्या. त्यांनी विचारलं, "दुःखात जास्त खाता का? रागात? कंटाळा आला की?" मी तिन्हींना नाही म्हटलं आणि ते खरंच होतं. ज्यात मी खाते ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मंजूला भाऊजींनी नवा मिक्सर आणला, मंजूच्या लेकीला चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळाला, आईने फोनवर मंजूची पाच मिनिटं जास्त विचारपूस केली, की माझा हात फरसाणाच्या डब्यात.

सगळं झाल्यावर डॉक्टरांनी दोघींना समोर बसवलं. मंजूला भाद्रपदातली तारीख मिळाली. मला म्हणाले, "तुमची साखर आधी खाली येऊ दे, श्वास सुधारू दे. तीन-चार महिन्यांनी बघू."

मंजूचा चेहरा पडला. "ताई, मी थांबते. दोघींचं एकदमच करूया."

"वेडी आहेस का? होऊन जाऊ दे तुझं," मी म्हटलं. ती बरं म्हणाली. घरी येईपर्यंत मी धुमसत होते, की हिने दुसऱ्यांदा आग्रह का नाही केला.

श्रावणातला शहाणपणा

आता माझी मूर्खपणाची गोष्ट. वाचून कोणी शहाणं झालं तर बरं.

श्रावण लागला आणि मी ठरवलं, महिन्याभरात साखर खाली आणून मंजूच्या आधी तारीख घ्यायची. सोमवार धरले, शनिवार धरले, मग मधले गुरुवारही धरले. आहारतज्ज्ञ मॅडमनी एक वही दिली होती, रोज काय खाल्लं ते लिहायला. मी मोठ्या अभिमानाने लिहायचे: उपवास. उपवास. उपवास.

श्रावण संपता संपता मी साखर तपासून वही घेऊन गेले. मॅडम जेमतेम तिशीच्या. त्यांनी पानं उलटली. "काकू, हे सगळीकडे उपवास लिहिलंय. म्हणजे काय खाल्लं?"

"उपवासाचंच."

"म्हणजे?"

"साबुदाण्याची खिचडी. वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी. बटाट्याची भाजी. रताळ्याच्या गोड काचऱ्या. कधी राजगिऱ्याचा लाडू. पण पोळी-भात अजिबात नाही हं!"

मॅडमनी वही मिटली. हसू आवरायचा त्यांनी खूप प्रयत्न केला. "काकू, देव मोजत नसेल, पण साखर सगळं मोजते." माझी साखर आधीपेक्षा वाढली होती. तारीख आणखी पुढे गेली.

त्याच दिवशी त्यांनी मंजूला तिचा पुढचा कागद दिला. ऑपरेशनआधी दोन आठवडे फक्त पातळ: ताक, गाळलेलं सूप, प्रोटीनची पावडर. यकृत पोटावर पांघरुणासारखं असतं, ते चरबीने फुगलेलं असलं तर उचलता येत नाही आणि ऑपरेशन धोक्याचं होतं, म्हणून हे पथ्य. "एखादा दिवस मोडलं तर सांगा, मी रागावणार नाही," मॅडम म्हणाल्या. "पण लपवू नका." हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. पुढचं सांगण्याआधी हे कबूल केलेलं बरं.

गौरीचा डबा

आमच्या सासरी गौरी असतात आणि नैवेद्याला घावन-घाटलं. तांदळाच्या पिठाचं जाळीदार घावन आणि नारळाच्या दुधात गूळ घालून शिजवलेलं घाटलं. मंजू दरवर्षी या जेवणाला येते. लहानपणी आईच्या हातचं घाटलं ती पातेलं खरवडून खायची. त्या वर्षी तिचा फोन आला, "ताई, येत नाही गं. चौथ्या दिवशी ऑपरेशन आहे, तिकडे आले तर मी राहणार नाही." बोलताना तिचा आवाज वेगळाच होता, हलका. दहा दिवसांत तिचं सहा किलो उतरलं होतं. म्हणजे आता ती माझ्यापेक्षा कमी होती. ते तीन किलो गेले.

गौरी जेवल्यावर मी स्टीलचा दोन पुडांचा डबा काढला. खाली घाटलं, वर चार घावनं. ह्यांनी विचारलं, "तिचं पथ्य आहे ना?" मी म्हटलं, "नैवेद्य आहे. माहेरवाशिणीला प्रसाद नको का?" आणि दुखऱ्या गुडघ्यांनिशी कळव्याला गेले.

मंजूने दार उघडलं. डबा माझ्या हातातून घेतला. मग झाकण उघडलं आणि डोळे मिटून वास घेतला.

"गौरीचा आहे?"

"हो. नैवेद्याला नाही म्हणू नये. खा ना, गरम आहे अजून."

मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले. मला तिला खाताना बघायचं होतं. तिने डबा कपाळाला लावला, पुन्हा झाकण घातलं आणि म्हणाली, "दिवा लावून खाते. तू बस, तुला चहा करते." मी चहा प्यायले आणि निघाले. परत येताना मला गुडघे दुखल्याचं आठवत नाही. इतकी हलकी मी कित्येक महिन्यांत नव्हते, आणि याची आजही लाज वाटते.

तो हलकेपणा एक दिवस टिकला. दुसऱ्या दिवशी भांडी घासताना मॅडमनी सांगितलेलं यकृताचं पांघरूण आठवलं. हिने चारही घावनं खाल्ली असतील, आणि दुसऱ्या दिवशी 'आता मोडलंच आहे' म्हणून आणखी काही. आम्ही दोघी अशाच आहोत. आणि ती भिडस्त, सांगणार नाही कुणाला. मी फोन केला.

"मंजू, डब्याचं काय केलंस?"

"खाल्लं की! मस्त झालेलं घाटलं," ती म्हणाली.

मी फोन ठेवला. बहिणीला टेबलावर झोपवायचं होतं आणि मी तिला नैवेद्याची भीड घालून आले होते.

कबुली

ती ॲडमिट झाली त्या सकाळी मी शाळेत न जाता ठाण्याला गेले. वॉर्डात जायच्या आधी मॅडमचं दार ठोठावलं आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "माझ्या बहिणीने पथ्य मोडलंय. तिची चूक नाही. मी नेऊन दिलं. मुद्दाम दिलं. मला तिची तारीख बघवत नव्हती."

मॅडमनी मला बसवलं, पाणी दिलं आणि मंजूला बोलावून घेतलं. ती हॉस्पिटलच्या हिरव्या गाऊनमध्ये आली, हातात ते तीन गोळ्यांचं खेळणं.

"तुम्ही गौरीच्या दिवशी काही खाल्लंत?"

मंजूने माझ्याकडे पाहिलं. माझे डोळे, नाक, सगळं वाहत होतं.

"नाही मॅडम."

"अगं, फोनवर तूच म्हणालीस ना!"

"तुला बरं वाटावं म्हणून म्हटलं, ताई. एक थेंब जिभेला लावला, नाही म्हणू नये म्हणून. बाकी शेजारच्या काकूंना सवाष्ण म्हणून बसवलं आणि ओटी भरली. नैवेद्य टाकवेना आणि खाववेना, मग दुसरं काय करणार?"

दुपारी पुन्हा सोनोग्राफी झाली. यकृत चांगलं आकसलं होतं. माझा जीव भांड्यात पडला. आणि खोटं कशाला सांगू, त्याच क्षणी मनात आलं, हिचं यकृतसुद्धा किती गुणाचं! माणूस एका दिवसात सुधारत नाही.

दुसऱ्या दिवशी तिचं ऑपरेशन नीट पार पडलं. बाहेर बाकावर मी भाऊजींशेजारी बसून होते. आई फोनवर सारखी विचारत होती. मी मंजूसाठी देवाला काय बोलले ते माझ्यापाशीच राहू दे.

साखर

पुढचे महिने सोपे नव्हते. दिवाळीत मंजूच्या बांगड्या हातातून गळायला लागल्या. तिने आपले तीन पंजाबी ड्रेस मला आणून दिले, "मला ढगळ होतात, ताई." चांगल्या मनाने दिले. ते मी कपाटाच्या तळाशी कोंबून टाकले.

पण एक केलं. वहीत खरं लिहायला लागले. 'आज मंजूचा फोटो बघितला, दोन चकल्या.' असंच्या असं. मॅडमनी ते वाचलं, खाली रेघ मारली आणि मला पुन्हा मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. या वेळी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी आपणहून दिलं. साखर हळूहळू उतरली. मास्क लावून झोपले. डिसेंबरात माझ्या तीन गोळ्या वर गेल्या आणि कोणी टाळी वाजवायला नव्हतं म्हणून मीच वाजवली. संक्रांतीच्या थोडं आधी डॉक्टरांनी माझ्या कागदावर लाल पेन न उचलता तारीख लिहिली.

माझं पातळ पथ्य ऐन हळदीकुंकवाच्या दिवसांत आलं. घरोघर तिळाच्या वड्या, मी आपली ताकाचा पेला घेऊन. सहाव्या दिवशी माझा धीर सुटला. गूळपोळीचा वास शेजारून येत होता आणि मी किल्ली घेऊन दुकानात निघाले होते, तेवढ्यात बेल वाजली. दारात मंजू. निम्मी झालेली, केस जरा विरळ, पण चेहऱ्यावर तेज. हातात माझा दोन पुडांचा डबा. गौरीपासून तो तिच्याकडेच होता.

"डबा रिकामा कसा परत करू, म्हणून राहिला," ती म्हणाली आणि झाकण उघडलं. आत मुगाचं कढण होतं, वाफाळलेलं, जिऱ्याची फोडणी दिलेलं. "दोनदा गाळलंय. मॅडमना विचारलंय. पी."

मी म्हटलं, "ठेव, नंतर पिते."

"नंतर नाही. आत्ता."

तिने माझ्यासमोर खुर्ची ओढली आणि बसली. मी वाटीत ओतून प्यायले, दुसरी वाटी घेतली, खालचा पूडही संपवला. ती उठली नाही. शेवटचा घोट जाईपर्यंत माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्यासमोर अशीच बसले होते, कशासाठी ते तिला तेव्हाही कळलं होतं.

"मंजू, तुला राग नाही आला माझा?"

"आला ना. फार आला. म्हणून तर चार महिने डबा दिला नाही," ती म्हणाली, आणि माझ्या हातातली घराची किल्ली काढून खिळ्याला लावली.

आठ-नऊ दिवसांनी माझं ऑपरेशन झालं. आज माझं वजन एक्याऐंशी आहे. मंजूचं एकोणसत्तर. ज्या कोणी माझ्यासारख्या रांगेत उभ्या आहेत, त्यांनी वहीत खरं लिहावं, उपवासाच्या भानगडीत पडू नये आणि सोबतीला कुणालातरी न्यावं, जळायला लागलं तरी न्यावं.

पुढच्या आठवड्यात आमच्याकडे गौरी येतात. मंजूला आमंत्रण गेलं आहे. आता आम्हा दोघींत मिळून एक घावन पुरतं. अर्धं तिला, अर्धं मला. त्यातलं मोठं अर्धं कुणाच्या ताटात जातं, यावर मात्र माझं लक्ष राहणार आहे.